टीव्हीच्या जागेवरून

आमच्या घरात एकमेकींशी बोलायचं झालं की टीव्हीशी बोलायचं, अशी पद्धत पडून गेली होती. घरात आम्ही दोघीच. मी थोरली, ती धाकटी. म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. दीर फार लवकर गेला, त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहायला गेली, आणि पुढे माझे हेही गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी जावा तेवढ्या उरलो. बातम्या लागल्या की धाकटी बातम्या देणाऱ्या बाईकडे बघून म्हणायची, "एवढं जगाचं सांगते ही, पण दूध संपलंय ते काही सांगत नाही." मग मी त्याच बाईला म्हणायचे, "ज्यानं दुपारी जास्तीचा चहा ढोसला, त्यानंच आणावं." थोड्या वेळानं धाकटी पिशवी घेऊन निघायची. घर व्यवस्थित चालायचं हो. कुणी म्हणेल वेड्या बायका आहेत, तर म्हणू दे, आमचं दूध कधी नासलं नाही की वीजबिल थकलं नाही.

हे असं का झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही उगाच तर्क करत बसाल. माझे हे गेले ते वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या, टीव्हीसमोर. मी बँकेत गेले होते. शेजारच्या सोफ्यावर धाकटी मालिका बघत होती. ती बघत राहिली आणि हे गेले. त्यांची मान कलंडली तेव्हा तिला वाटलं, डुलकी लागली. तिनं उठून त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, आवाज थोडा कमी केला आणि पुन्हा बघत बसली. मी आले, चपला काढल्या, आणि लांबूनच मला कळलं. डॉक्टर म्हणाले, कुणाच्याच हातात काही नव्हतं, क्षणाचा खेळ होता. पण मी भर माणसांत तिला म्हणाले, "हातभर अंतरावर माणूस गेला आणि तू मालिका बघत बसलीस." त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललोच नाही. सुरुवातीला मी बोलत नव्हते, मग ती बोलेनाशी झाली, आणि मग कोण कुणाशी बोलत नाही हेच कळेनासं झालं.

वेगळं राहायचं कुणाच्या मनात आलं नाही. कुठं जाणार? तिला मी नको, मला ती नको, पण संध्याकाळी दिवा लागला की दोघी आपापल्या जागी सोफ्याच्या दोन टोकांना हजर. माझा स्वभाव तिखट आहे, ते मला ठाऊक आहे. बस डेपोच्या तिकीट खिडकीत नोकरी केली मी. काचेला खाली एवढंसं भोक, त्यातून हात यायचे, नोटा यायच्या, सुटे पैसे जायचे. माणसाच्या तोंडाकडे बघायला सवड कुणाला होती? लोक काचेपलीकडून खेकसायचे, मी अलीकडून. घरी येऊनही माझा सूर तोच राहायचा, असं हे म्हणायचे. म्हणायचे आणि हसायचे.

तर एका संध्याकाळी, पाककृतीचा कार्यक्रम चालू असताना, धाकटी त्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला म्हणाली, "मुलगी बोलावतेय. तिला दुसरं बाळ झालंय, घरात माणूस हवंय. येत्या रविवारच्या गाडीनं जाईन म्हणते. आता तिकडेच."

माझा घास हातात राहिला. पण तोंड माझंच, ते कसलं ऐकतंय. मी त्या स्वयंपाक्याला म्हणाले, "ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. इथं कुणी कुणाला बांधून ठेवलेलं नाही."

"तेच म्हटलं," धाकटी त्याला म्हणाली. त्यानं कढईवर झाकण ठेवलं आणि जाहिराती लागल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिची खोली माझ्या खोलीला लागून, मधली भिंत पातळ. ती कूस बदलली तरी मला कळतं. एरवी त्या आवाजाचा मला वैताग यायचा.

दुसऱ्या दिवशी दारात एक मुलगी उभी. केस कापलेले, खांद्याला तिच्याहून मोठी बॅग. म्हणाली, "मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. फोटो काढते." मी म्हटलं, "आम्हाला पासपोर्ट काढायचा नाहीये." ती हसली, हटली नाही. रोज संध्याकाळी तिला म्हणे आमच्या खिडकीत निळा उजेड हलताना दिसतो आणि त्यात दोन डोकी दिसतात. तिला एक फोटो करायचा होता. काढायचा नव्हता, करायचा होता, असंच म्हणाली. सगळं मांडून, ठरवून, नाटकासारखं. पुढे मोठ्या दालनात प्रदर्शन भरणार आणि तिथे तो भिंतीवर लागणार.

"कसला फोटो?" मी विचारलं.

"टीव्ही बघणाऱ्या दोघींचा. पण टीव्हीच्या जागेवरून. आपण रोज टीव्हीकडे बघतो. टीव्हीला आपण कशा दिसत असू, ते मला दाखवायचंय."

मला वाटलं, हिला कामधंदा नाही. मी दार लावून घेणार तेवढ्यात मागून धाकटी आली आणि त्या मुलीला म्हणाली, "या ना. आमचा टीव्ही गेली कित्येक वर्षं आमच्याकडे बघतोय, त्याला विचारायचं राहूनच गेलं." मुलीला फार आवडलं ते. मग मी तरी कशी नाही म्हणणार? आणि खरं सांगते, जायच्या आधी धाकटी माझ्या शेजारी काही तास बसेल, एवढाच हिशेब माझ्या मनात आला.

फोटोवाली शुक्रवारी दुपारी आली ती अख्खं घर उपसायला आल्यासारखी. खिडक्यांना काळं कापड लावलं. आमचा टीव्ही उचलून आतल्या खोलीत नेला आणि त्याच्या जागी दुसरं खोकं ठेवलं. दिसायला अगदी आमच्यासारखंच, जुनं, मागे पोट सुटलेलं. पण आत काहीच नाही. पुढची काच नाही, मागचं झाकण नाही. आत तिनं दिवा बसवला, त्यावर निळा पातळ कागद, आणि खोक्याच्या मागे कॅमेरा, काचेच्या जागेतून आमच्याकडे डोळा लावून. उशी उचलून दुसरीकडे ठेवली, मग पुन्हा होती तिथेच आणली. चहाचे कप मुद्दाम अर्धे भरून ठेवले. मी म्हटलं, "थंड होईल." तर म्हणाली, "प्यायचा नाहीये, मोठ्या काकू." वाया गेलेला चहा मला बघवत नाही, मी तोंड फिरवून बसले.

"ही खुर्ची कुणाची?" तिनं वेताच्या खुर्चीला हात लावला.

सवयीनं मी टीव्हीकडे बघितलं. तर तिथे ते पोकळ खोकं. मला एकदम उघड्यावर पडल्यासारखं झालं. "तिला हात लावू नकोस," मी म्हणाले. "आहे तिथे राहू दे."

"राहू दे, राहू दे. रिकामीच हवीय मला," ती म्हणाली. मग तिची नजर धाकटीच्या बॅगेवर गेली. कपडे भरून झाले होते, बॅग दाराशी उभी होती. "हीसुद्धा असू दे. छान दिसतेय."

आम्ही बसलो. दोन टोकांना. फोटोवाली म्हणाली, "जवळ सरका ना जरा." मी सरकले नाही, धाकटी सरकली. मग धाकटी त्या खोक्याला म्हणाली, "यांची शाल माझ्याखाली अडकलीय, तेवढी ओढून घ्या म्हणावं." मी खोक्याला म्हणाले, "ज्याच्याखाली अडकली त्यानं उठावं." फोटोवाली कॅमेऱ्यामागून डोकं वर काढून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. तिला काय वाटलं कोण जाणे. पण चेहरे म्हणे फार घट्ट झालेत, मोकळे हवेत.

"आपण असं करू," ती म्हणाली. "खोटंखोटं काहीतरी बोला. नाटकात बोलतात तसं. बॅग आहेच. समजा, धाकट्या काकू निघाल्यात आणि तुम्ही त्यांना थांबवताय. तुम्ही बोलत राहा, मी मधेमधे फोटो घेत राहीन. माझ्याकडे लक्ष द्यायचं नाही."

पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपली बॅग बघून गोष्ट रचली होती. एकदा वाटलं, उठावं आणि हिला दाराबाहेर घालवावं. मग वाटलं, खोटंखोटंच तर आहे. खोट्यात माणूस काहीही बोलू शकतो. उद्या कुणी विचारलं तर म्हणता येईल, बाई गं, तिनं सांगितलं म्हणून बोलले.

मी त्या निळ्या उजेडाकडे डोळे लावले आणि बोलायला लागले. "जाऊ नकोस गं. तू गेलीस तर मी सकाळी उठून कुणावर चिडू? तुझा तो खोकला, चमच्याची किणकिण, न्हाणीघरातलं गुणगुणणं, मला सगळ्याचा राग येतो. तो राग घेऊन मी आता कुठं जाऊ? हे घर मला खायला उठेल." आवाज माझा मलाच ओळखू येईना. एकदा सुरू झाल्यावर थांबताही येईना. "आणि हे गेले तेव्हा तू शेजारी होतीस, ते बरंच झालं. एकटे तरी गेले नाहीत. कुणीतरी अंगावर पांघरूण घातलं त्यांच्या. मी असते तर मलाही डुलकीच वाटली असती."

कॅमेरा खटखट वाजत होता. "वा, काकू," फोटोवाली हळूच म्हणाली. "असंच. फारच सुंदर करताय."

मी गप्प झाले. माझ्या गालावरून काहीतरी ओघळलं ते मी पुसलं नाही. पुसलं असतं तर ते खरं आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी समोरच बघत राहिले.

"आता तुम्ही काहीतरी उत्तर द्या," फोटोवाली धाकटीला म्हणाली.

मग माझ्या शेजारून धाकटीचा आवाज आला, अगदी सपाट. "मला नाही जमत असलं खोटंखोटं."

झालं. मी जे समजायचं ते समजले. एवढं आतडं पिळून बोलले, तर बाईसाहेबांना नाटक वाटलं. फोटोवाली काळं कापड गुंडाळून, खोकं उचलून, आमचे आभार मानून गेली आणि आमचा टीव्ही पुन्हा जागेवर आला. शुक्रवारची संध्याकाळ तशीच गेली, शनिवारची तशीच. धाकटी टीव्हीला काही बोलली नाही, मीही नाही. शनिवारी ती टीव्ही बघतच नव्हती, असं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवत होतं. पण नीट वळून बघेन तर मी कसली.

रविवारी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. धाकटी बॅग घेऊन दारात गेली आणि तिथेच थांबली. चप्पल घालायला किती वेळ लागतो? ती उभीच. मी सोफ्यावर बसून सामना बघत होते. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. खालून हॉर्न वाजला. मी त्या खेळाडूंना म्हणाले, "जाताना दार नीट ओढून घ्या म्हणावं, नाहीतर ते आपटतं."

दार नीट ओढल्याचा आवाज आला. नंतर जिन्यात बॅगेच्या चाकांचा आवाज पायरीपायरीनं खाली गेला. मी सामना संपेपर्यंत बसून होते.

त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगू? घर तेच, पण सगळ्या वस्तू मोठ्या झाल्या. पातेलं मोठं, सोफा मोठा. चहा जास्तच व्हायचा, मी तो पिऊन टाकायचे आणि मग जागरण. संध्याकाळी बातम्या लागायच्या. मी सवयीनं त्या बाईला म्हणायचे, "दूध संपलंय." ती आपली पुराचं, निवडणुकीचं सांगत राहायची. पिशवी खुंटीवरच. एकदा मी तिच्यावर ओरडले, मग बंद करून टाकला टीव्ही. तर घरात अशी शांतता झाली की मलाच भीती वाटली, पुन्हा लावला. भिंतीपलीकडून कूस बदलल्याचा आवाज येतो का म्हणून मी कान देऊन पडायचे. माणसाला माणसाची एवढी सवय लागते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

धाकटीच्या मुलीचा मधूनमधून फोन यायचा. "मोठी आई, बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" मी म्हणायचे. "आईला देऊ?" "ती कामात असेल." माझं बोलणं संपायचं.

मग एके दिवशी फोटोवाली आली, प्रदर्शनाचं बोलावणं घेऊन. मी जाणार नव्हते. पण दुपारी घर अंगावर यायला लागलं, तेव्हा शाल घेतली आणि निघाले. ते दालन म्हणजे नुसत्या पांढऱ्या भिंती, आणि लोक देवळात चालावं तसे दबकत चालत होते. आमचा फोटो शेवटच्या भिंतीवर, दरवाजाएवढा मोठा.

मी आधी मला बघितलं. बाई गं, काय ते थोबाड. ओठ अर्धे उघडे, गाल ओला, आणि डोळे समोर असे रोखलेले की जणू तिथून कुणी मला आत्ता सोडवणार आहे. वेताची खुर्ची होती, बॅग होती, ते अर्धे कप होते. आणि मग मी धाकटीकडे बघितलं.

धाकटी टीव्हीकडे बघत नव्हती. ती अख्खी माझ्याकडे वळून बसली होती. निळा उजेड तिच्या एकाच गालावर होता. डोळे भरून आलेले, भुवया वर गेलेल्या, एखादं लहान मूल काही मागून वाट बघतं तसा चेहरा. तिचा हात माझ्या शालीच्या टोकापर्यंत आलेला होता आणि तिथेच थांबला होता. मी फक्त मान वळवायची होती. एवढीशी मान.

शेजारी एक जोडपं उभं होतं. त्यातला पुरुष बायकोला म्हणाला, "ही डावीकडची, शालवाली, काय अभिनय करते."

"अभिनय नाही तो," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि बिचारे बाजूला झाले.

फोटोवाली माझ्याजवळ आली. मी विचारलं, "हाच का लावलास?"

"आधीच्या सगळ्यांत तुम्ही दोघी टीव्हीकडे बघताय," ती म्हणाली. "मी तसंच सांगितलं होतं. तुम्ही बोलायला लागल्यावर त्यांनी ऐकलं नाही. त्या बराच वेळ तुमच्याकडे बघत होत्या, काकू. मला वाटलं, तुम्हाला माहिती असेल."

मला माहिती नव्हतं. माझ्या हातभर अंतरावर एक माणूस असा बसला होता आणि मी एका रिकाम्या खोक्याकडे बघत बसले होते. आणि याच गोष्टीसाठी मी तिला इतकी वर्षं बोल लावला होता. लाज वाटली मला, भर दालनात, त्या सगळ्या लोकांसमोर.

मी तिथल्याच बाकावर बसून फोन लावला. मुलीनं उचलला. तिनं काही विचारायच्या आत मी म्हणाले, "आईला दे."

"आईला?" ती म्हणाली. मग फोन कुणाच्या तरी हातात गेला. पलीकडे बाळाचं रडणं होतं आणि भांड्यांचा आवाज.

"मी बोलतेय," मी म्हणाले.

"हं," धाकटी म्हणाली. दोघींनाही सवय नव्हती.

"फोटो बघितला मी. तू माझ्याकडे बघत होतीस."

"हो."

"मी ते खोटंखोटं नव्हते बोलले."

"माहितीये मला, वहिनी. तेवढं कळतं मला."

मला तर रागच आला. "मग गेलीस कशाला?"

बाळ कुणीतरी दुसऱ्या खोलीत नेलं असावं, रडणं लांब गेलं. "तुम्ही त्या खोक्याला म्हणालात," ती म्हणाली. "मला नाही म्हणालात. मला वाटलं, ती पोरगी गेल्यावर म्हणाल. नाहीतर शनिवारी म्हणाल. दारातसुद्धा थांबले मी. टॅक्सीवाला खालून बोंब मारत होता तरी थांबले. म्हटलं, एकदा माझ्याकडे बघून म्हणू देत, मग बॅग आत घेते."

तिकीट खिडकीत, लोकांच्या शिव्या खातानाही, मी काचेआडूनच बोलत आले होते. फोनवर आत्ता म्हणून टाकता आलं असतं सगळं, पण तेही पुन्हा कशाच्या तरी आडूनच झालं असतं.

"तुझा पत्ता सांग," मी म्हणाले.

"कशाला?"

"तुझ्याकडे बघून बोलायचंय."

"अहो, एवढ्या लांब? आणि इथं लिफ्ट नाहीये. चौथा मजला आहे."

"असू दे. बसत बसत चढेन. तू पत्ता सांग."

मी फोटोवालीकडे खुणेनं पेन मागितलं. धाकटीनं पत्ता सांगायला सुरुवात केली, मधेच तिला रडू फुटलं, आणि घराचा नंबर मला दोनदा विचारावा लागला.